दवाखान्याला अर्थिंग

शिरूरचे आप्पा लाइनमन होते म्हणून माझी लेक श्रावणी आज माझ्याजवळ आहे. हे आधीच लिहून टाकते. आप्पांच्या गमती सांगायला लागले की महत्त्वाचं तेच राहून जाईल, अशी मला धास्ती वाटते.

आप्पा टेस्टर लावल्याशिवाय कशालाही हात लावत नसत. नळ, दाराची कडी, लोखंडी खाट, सगळ्याला आधी टेस्टर. मारुतीच्या देवळात गेले तर घंटेला टेस्टर लावायचे, मग वाजवायचे. मी पहिल्यांदा स्टीलच्या पेल्यात चहा दिला, तर खिशातून टेस्टर काढून पेल्याला टेकवला.

"आप्पा, चहा आहे हो!"

"आसंल. करंटला नातं कळत न्हाई, पोरी."

विजेच्या खात्यात जन्म काढून ते निवृत्त झाले होते. "आमच्या बापानं मेंढरं राखली, मी तारा राखल्या," असं सांगायचे. आमच्या खोलीला लागून त्यांची खोली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. माणसांची ओळखही ते विजेच्याच भाषेत करून द्यायचे. कोपऱ्यावरचा किराणावाला म्हणजे लूज कनेक्शन. माझे मिस्टर न्यूट्रल. "गुणाचा गडी हाय, पर हात लावला तरी झटका बसायचा न्हाई."

आणि मी? माझ्याबद्दल ते काही बोलत नसत. बोलण्यासारखं नव्हतंच.

आम्ही मूळचे हिंगोलीकडचे. मिस्टर कंपनीत लागले म्हणून शिरूरला आलो. मी सातवीतून शाळा सोडलेली, ओळखीचं कुणी नाही. पाळी यायच्या आधीचा आठवडा आला की माझं मन माझं राहायचं नाही. रडू यायचं, मग राग यायचा, मग जगूच नये असं वाटायचं. पाळी आली की आभाळ मोकळं. शेजारणी म्हणाल्या, अंगात येतं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, स्वभावच तसा. त्या आठवड्यात एकदा मी तांब्या फेकला. तो श्रावणीच्या कानाजवळून गेला आणि भिंतीवर आपटला. ती रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. दुसऱ्याच दिवशी मिस्टरांनी तिला गावी सासूबाईंकडं नेऊन ठेवलं. "तू बरी झालीस की आणतो," म्हणाले. त्यांचंही चुकलं नव्हतं. माझी मलाच भीती वाटत होती.

आप्पांनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं होतं. सकाळी ते दारात आले, कडीला टेस्टर लावला, आणि माझ्याकडं न बघता समोरच्या लिंबाकडं बघत बोलले.

"दर म्हैन्याला ठरल्या टायमाला लाइट जाती, तवा फॉल्ट माणसात नसतो. लाइनीत असतो. तुझं ते... ते..."

"काय आप्पा?"

"ते लोडशेडिंग गं!" आप्पांचे कान लाल झाले होते. "दवाखान्यात दाखवू."

त्यांना तो शब्द शेवटपर्यंत उच्चारता आला नाही. दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पाळीच्या आधी त्रास होतो का?" तर आप्पा म्हणाले, "व्हय, लोडशेडिंगच्या आधी," आणि उठून बाहेर जाऊन बसले.

बाईंनी सांगितलं की हा खरोखरचा आजार आहे, वेडेपणा नाही, आणि अंगात येणं तर नाहीच. मला भर दवाखान्यात रडू कोसळलं. काही महिने गोळ्या चालल्या. थोडा फरक पडला, पुरता नाही. मग बाई म्हणाल्या, डोक्याला बाहेरून अगदी सौम्य करंट द्यायचं मशीन आहे. कापाकापी नाही, भूल नाही. गोळ्या चालू ठेवून काही दिवस रोज यायचं. उपाय नवा आहे, सगळ्यांना सारखाच लागू पडतो असं नाही, पण करून बघता येईल.

करंट हा शब्द दाराबाहेर गेला आणि आप्पा आत आले.

"पोरीच्या डोक्याला करंट? म्याडम, तुमच्या दवाखान्याला अर्थिंग हाय का?"

"असेल की, आप्पा."

"आसंल न्हाई चालायचं!"

दुसऱ्या दिवशी आप्पा एसटी स्टँडवर आले ते पक्कड, वायरचं भेंडोळं, एक लोखंडी पाइप, मिठाची पिशवी आणि कोळशाचं पोतं घेऊन. कंडक्टर म्हणाला, "आप्पा, दवाखान्यात वांगी भाजणार काय?"

"खड्डा घेऊन अर्थिंग देणार हाय. तू तिकिटं फाड."

बाईंनी पोत्याकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं, आणि मशीन टेबलावर ठेवलं. जेवणाच्या डब्याएवढं. त्याचं झाकण उघडून दाखवलं तर आत छोटी चौकोनी बॅटरी.

"ह्याच्यावर चालतं?"

"एवढ्यावरच."

"मग आधी मला लावा."

"आप्पा, तुम्हाला हा आजार नाही."

"मला न्हाई, पर पोरगी माझ्या भरवशावर आलीया."

बाईंनी मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज त्यांच्या दंडाला धरले आणि थोडासा करंट सोडला. आप्पा डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "ह्याच्यापरीस थंडीतल्या घोंगडीत जास्त करंट असतो. लावा तिला."

कोळशाचं पोतं त्याच गाडीनं शिरूरला परत आलं.

आता आम्ही वापीला राहतो. इथं कामं उरकून बसले की मला सगळ्यात जास्त काय आठवत असेल, तर ती शिरूर-दौंड गाडी. थंडीचे दिवस, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, खिडकीतून ओल्या वाफ्यांचा वास. आप्पा विजेचे खांब दाखवत असायचे. "ह्यो मी उभा केला. त्या डीपीवर घोरपड चढली हुती, आख्खी वाडी अंधारात." मांडवगण फराट्याच्या अलीकडं एक वाकडा खांब होता. तो आला की आप्पा आधीच हात वर करायचे. "त्यो माझा न्हाई!" एवढी हसायचे मी की दौंड कधी आलं ते कळायचं नाही. आत खुर्चीत बसायचं, कपाळावर गार स्पंज, त्यावर रबरी पट्टा. मुंग्या आल्यासारखं व्हायचं आणि सरायचं. आप्पा बाहेर बाकावर.

पुढच्या महिन्यात तो आठवडा आला. रडू आलं, राग पण आला. पण या वेळी हात उचलायच्या आधीच मला कळलं की राग येतोय, आणि हातातला तांब्या मी खाली ठेवला. मिस्टर बघत होते. रविवारी श्रावणीला आणायला गेले.

आप्पा आणि मी स्टँडवर उभे होतो. गाडीतून मिस्टर उतरले, त्यांच्या पाठीमागं श्रावणी. मला बघितल्याबरोबर ती त्यांच्या पायाआड गेली. मी हात पुढं करायला धजले नाही.

तेवढ्यात माझ्यामागून आप्पा बोलले, "आमची श्रावणी आली का?"

ती थबकली. आवाज ऐकला आणि "खांबवाले आजोबा!" म्हणत धावत सुटली.

हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. मी मिस्टरांकडं बघितलं. ते म्हणाले, "दवाखान्यात तू आत गेलीस की आप्पा रोज गावी फोन करायचे. आज तुझ्या आईनं डोक्याला पट्टा लावला, आज ती वाटेत वाकडा खांब बघून हसली, असं सगळं सांगायचे तिला. तुला कळू देऊ नको म्हणाले होते."

आप्पांनी उकिडवं बसून तिचं तोंड हातात धरलं, अगदी डोळ्यांजवळ नेलं. "जरा उजेडाकडं बघ, पोरी."

"आजोबा, तुम्हाला दिसत नाही?"

"दिसतं की. दुधातनं बघितल्यावानी."

"मग डॉक्टरकडं जा ना."

"गेलतो. मोतीबिंदू काढू म्हणले. पर संगं घरचं माणूस आणा म्हणत्यात." गाडीला उशीर आहे, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

श्रावणीनं विचार केला. मग तिनं मागं वळून माझं बोट धरलं आणि मला पुढं ओढलं.

"हिला घेऊन जा. हिला दवाखान्याचं सगळं येतं."

नंतर लगेचच मिस्टरांची बदली वापीला झाली, सगळी धांदल उडाली आणि आप्पांच्या डोळ्याचं राहून गेलं. माझ्या गोळ्या अजून चालू आहेत. वाईट दिवस अजून येतात, येऊन जातात. फोनवर आप्पांना डोळ्याचं विचारलं की म्हणतात, "ऊस तुटू दे, मग बघू." आप्पांचा ऊस नाही. शेतही नाही.

आप्पा, मिस्टरांना सुट्टी मिळाली की मी श्रावणीला घेऊन शिरूरला येणार. तुम्हाला विचारणार नाही. दवाखान्यात घरचं माणूस कोण आहे म्हणून विचारलं, तर मी उठून उभी राहीन. तुम्ही आत जा. पट्टी बांधून बाहेर येईपर्यंत बाकावर मी बसलेली असेन.