टिटवीने संकल्प सोडला

एका जंगलात, मुलांनो, सगळं बरं चाललं होतं. म्हणजे वाघ हरणं खात होता, हरणं गवत खात होती, आणि 'तुझं आयुष्यात पुढे काय?' असं कुणी कुणाला विचारत नव्हतं. नीट बसा. नाकातलं बोट काढा.

मग तिथे एक बगळा आला. तो शहरातल्या तळ्यावर चार महिने राहून आला होता. तिथे सकाळी माणसं जमतात, हात वर करून उगाचच हसतात आणि एकमेकांना आपापली ध्येयं सांगतात, हे त्याने पाहिलं होतं. तेवढ्यावर बगळ्याचा गुरुजी झाला. गुरुजी व्हायला हल्ली याहून जास्त लागत नाही.

त्या जंगलात कडुनिंबाला कोवळी पालवी फुटली की नवीन वर्ष लागायचं. यंदा पालवी फुटली आणि बगळेगुरुजींनी निरोप धाडला, "आपापलं ध्येय घेऊन सगळ्यांनी नदीवर यावं. बिनध्येयाचं कुणी राहू नये."

त्याच नदीच्या काठी, गोट्यांमध्ये, एक टिटवी राहायची. टिटवी घरटं बांधत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर आता झालं. ती दगडांत दगडासारखी अंडी घालते आणि त्यांवर बसते. हिची चार अंडी होती. दुपारी दगड तापले की ती पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवायची, पळत परत यायची आणि ओल्या पोटाने अंडी गार करायची. दिवसातून दहा-बारा खेपा. कुणी दिसलं की 'टिटिव-टिव, टिटिव-टिव' करून आभाळ डोक्यावर घ्यायची. ती ओरडली की ससे, हरणं, सगळी आधी पळायची आणि मग विचारायची, काय झालं? कैक वेळा बिबट्या उपाशी परत गेला होता, पण टिटवीचे आभार मानायला काही कुणी आलं नव्हतं.

नवरा होता. पण त्याने ध्येय ठेवलं होतं, 'स्वतःसाठी वेळ काढणं.' तो वेळ काढायला गेला, तो अजून काढतोच आहे.

निरोप येऊनही टिटवी गेली नाही, तेव्हा गुरुजी स्वतः आले.

"टिटवीबाई, तुमचं ध्येय काय?"

"चार अंडी आहेत. अजून वीस दिवस उबवायची आहेत."

"ते ध्येय नाही हो. ते काम झालं."

"मग ध्येय म्हणजे काय?"

"जे केलं नाही तरी चालतं, पण सांगायला बरं वाटतं." गुरुजी चुकून खरं बोलून गेले. मग घसा खाकरून म्हणाले, "तुम्ही फार ओरडता. तुमचा आवाज अशुभ आहे, असं माणसंसुद्धा म्हणतात. यंदा शांत राहायचं ध्येय ठेवा. आतला आवाज ऐका."

टिटवी बिचारी साधी. आपण बोलतो ते चारचौघांना खटकतं, असं बाईमाणसाला सांगितलं की तिला ते पटकन खरं वाटतं. तिने उन्हं चढायच्या आत अंडी वाळूने झाकली आणि ती नदीवर गेली.

नदीत सगळे गुडघाभर पाण्यात उभे होते. घुबडाने लवकर उठायचं ध्येय आणलं होतं. अस्वलाने मध कमी करायचं आणलं होतं आणि त्याच्या मिशीला मध लागला होता.

गुरुजी म्हणाले, "संकल्प नुसता करायचा नसतो, सोडायचा असतो! ओंजळीत पाणी घ्या, ध्येय म्हणा आणि पाणी सोडा. आणि हो, पाय जरा जोरात आपटा. निष्ठा दिसली पाहिजे."

सगळ्यांनी पाय आपटले. पाणी गढूळ झालं. तळचे मासे घाबरून वर आले. गुरुजी डोळे मिटून एका पायावर उभे होते, फक्त त्यांचा घसा मधूनमधून हलत होता. मंत्र म्हणत असतील, असं सगळ्यांना वाटलं.

घोरपडमावशी पुढे आली. गेल्या साली हिने टिटवीची चारही अंडी खाल्ली होती. तिने ओंजळीत पाणी घेतलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाली, "मी अंडी खाणार नाही. शरीर जड झालंय." पाणी सोडलं. टाळ्या पडल्या.

कावळा म्हणाला, "मी दुसऱ्याच्या भानगडीत चोच घालणार नाही." पाणी सोडलं. याला तर जास्तच टाळ्या पडल्या.

टिटवीला ओंजळ कुठली? तिने चोचीत पाणी घेतलं, 'ओरडणार नाही' असं मनात म्हटलं आणि सोडलं. त्या एका चोचीत दोन अंडी गार झाली असती, एवढं मात्र तिच्या मनात आलं.

आठ दिवस गेले. जंगल शांत झालं. बिबट्याने तीन ससे नेले, पण शांततेत नेले.

नवव्या दिवशी कावळा टिटवीजवळ उतरला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. पोटात राहीना.

"टिटवे, घोरपडमावशीनं संकल्प सोडला गं."

"ठाऊक आहे की. माझ्या डोळ्यांदेखत सोडला. चांगला ओंजळभर पाण्यासकट."

"अगं, तसा नव्हे..." कावळ्याने चोच उघडली. मग त्याला आपला संकल्प आठवला. चोच मिटली. "जाऊ दे. मला काय करायचंय?" म्हणाला आणि उडाला. एरवी साऱ्या जंगलाच्या चहाड्या करणाऱ्याला नेमकी तेव्हाच निष्ठा सुचली.

बघा मुलांनो, आपली भाषा किती मायाळू आहे. संकल्प घेतला तरी सोडला म्हणायचं आणि मोडला तरी सोडलाच म्हणायचं. आपल्या पूर्वजांना आपली पोरं पुरती ठाऊक होती.

टिटवी निर्धास्त झाली. रोज ती पाण्याकडे जाताना चार वेळा मागे बघायची. त्या दुपारी नाही बघितलं. नदी आटत चालली होती, पाणी लांब गेलं होतं. तिने पोट नीट भिजवलं, सावकाश निघाली.

येऊन बघते तर घोरपड अंड्यांवर. एका अंड्याचं टरफल पडलेलं, दुसरं जबड्यात.

टिटवीने चोच उघडली. आणि काय सांगू, चोच उघडी ठेवून उभी राहिली! ओरडणार नाही म्हणून पाणी सोडलं होतं ना. शब्द दिलेला. पोटाच्या पिसांतून पाणी तापल्या दगडावर टप टप पडत होतं आणि वाळत होतं.

मग घोरपडीचा जबडा हलला.

"टिटिव-टिव! टिटिव-टिव! टिव-टिव-टिव!"

अख्ख्या नदीने ऐकलं असं ओरडली. झेप घेऊन घोरपडीच्या डोळ्यावर चोच मारली. पुन्हा मारली. घोरपडीने अंडं टाकलं आणि अंग चोरून मागे सरकली. वाळूवर पडलं म्हणून ते अंडं फुटलं नाही.

"मेले, तू अंडी सोडली होतीस ना?"

"सोडलीच आहेत," घोरपड ओठांवरचा बलक चाटत म्हणाली. "मोह होतो का, तेवढं बघायला आले होते."

"मग?"

"झाला." आणि ती बिळात घुसली.

पंधरा दिवस झाले तेव्हा गुरुजींनी आढावा घ्यायला सगळ्यांना पुन्हा नदीत उभं केलं. पाय आपटायला लावले.

"घोरपडमावशी! गेल्या साली चार अंडी, यंदा फक्त एक. पंचाहत्तर टक्के यश!" टाळ्या. घोरपडीने मान खाली घातली, लाजायची पद्धत असते म्हणून. "टिटवीबाई! नवव्याच दिवशी ओरडलात. शून्य."

"गुरुजी, माझं अंडं गेलं हो."

"वाईट बोलू नये. तीन राहिली, असं म्हणावं. घोरपडमावशीकडून शिका जरा."

सगळ्यांनी टिटवीकडे बघितलं. ज्या सशांची पोरं गेली होती, त्यांनीसुद्धा 'किती ओरडते बाई ही' अशा नजरेनेच बघितलं. टिटवीची मान खाली गेली. आणि खाली गेली, म्हणूनच तिला दिसलं. गढूळ पाण्यात एक मासा वळवळत वर आला आणि गुरुजींच्या चोचीत गेला. शेपटी आत जाईपर्यंत गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

"गुरुजी, तुमचं ध्येय काय हो?"

"एका पायावर उभं राहणं," गुरुजी गिळत म्हणाले.

"ते तर तुम्ही जन्मापासून राहताय."

"म्हणूनच मला शंभर टक्के मिळाले."

टिटवीला यावर पुष्कळ बोलता आलं असतं. पण तिच्या पोटाची पिसं भिजली होती आणि अंडी उन्हात होती. बोलायला वेळ कुणाला आहे? तिने फक्त मान वर केली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, "टिटिव-टिव!"

बिबट्या नव्हता. पण ससे उडाले, हरणं उधळली, अस्वल कोलमडत पळालं, घोरपड बिळाकडे सुटली. मनात कितीही ध्येयं भरली तरी पाय अजून टिटवीचंच ऐकत होते. घटकाभरात पाणी निवळलं. मासे तळाशी गेले. निवळ पाण्यात बगळेगुरुजी एका पायावर उभे, संध्याकाळपर्यंत, उपाशी.

टिटवी ओलं पोट घेऊन पळत गेली आणि अंड्यांवर बसली.

पुढे तिन्ही अंडी फुटली. पिल्लांनी डोळे उघडले आणि आधी आवाज काढला, मग चालायला शिकली. त्यांचा बाप तेवढ्यात परत आला आणि 'वेळ छान गेला' म्हणाला. तिघांनी त्याला ओरडून हाकललं.

तात्पर्य: नवीन वर्षाचं ध्येय ठेवावं तर घोरपडीसारखं ठेवावं. पाळलं तर टाळ्या, मोडलं तर जेवण, आणि अर्धंमुर्धं मोडलं तर दोन्ही. ज्यांच्या पोटाखाली अंडी आहेत, त्यांनी मात्र या फंदात पडू नये. ते जे करतात त्याला ध्येय म्हणत नाहीत. ते काम झालं.