नानांनी पास केलेला चार्जर

थेरगावातल्या आमच्या सोसायटीतून कुणी परदेशी निघालं, की व्हिसा मिळाल्यावरही एक तपासणी उरते. तळमजल्यावरच्या नानांना लॅपटॉपचा चार्जर दाखवावा लागतो. नाना चाकणच्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन होते, आता रिटायर आहेत. चार्जर उलटा करून, भिंगातून बारीक अक्षरं वाचून निकाल देतात, "शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट. जाऊ द्या ह्याला." सोबतच्या माणसाबद्दल त्यांना काही म्हणायचं नसतं.

कुठल्या देशात कसली पिन, हे त्यांना तोंडपाठ. इंग्लंडच्या तीन चौकोनी, अमेरिकेच्या दोन चपट्या. स्वतः मात्र विमानाची पायरी चढलेले नाहीत. एकुलती लेक वैशाली अमेरिकेत, पहिलटकरीण, सातवा लागलेला. तिकीट पाठवून झालं, व्हिसा झाला. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती "नाना, याल ना?" विचारते आणि नाना सांगतात, "तिकडं व्होल्टेज कमी हाय गं."

मधे मला कंपनीने पंधरा दिवस अमेरिकेला धाडलं. नानांनी चार्जर पास केला. बॅगेतला राइस कुकर मी दाखवलाच नाही. अडवतील अशी भीती होती. डांगे चौकातून अ‍ॅडॉप्टर घेतला होता, लॅपटॉप त्यावर मजेत चालला. मग कुकरही लावला. दोन तासांनी झाकण उघडलं, तर तांदूळ कोमट पाण्यात निवांत डुंबत होते. शेवटी नानांनाच फोन केला.

"पिन बदलली म्हणून व्होल्टेज बदलतं व्हय सायेब? दोनशे तीसचा कुकर एकशे वीसवर लावला, तर त्यो भात कशाला शिजवतोय?"

मी क्वालिटी खात्यात आहे, हे त्यांनी सोसायटीभर आवर्जून सांगितलं.

परत आल्यावर मी वचपा काढायला गेलो. म्हटलं, कुकरचं सोडा, माणसाला तिकडचं व्होल्टेज काही करत नाही. आता जायला काय हरकत आहे? नाना एका बोर्डाचा स्क्रू आवळत होते. तो आधीच घट्ट होता.

"बाळबाळंतिणीला न्हाऊ घालायला आई लागती," ते म्हणाले. "तिची आई राहिली न्हाई. मी जाऊन काय करू, फ्यूज बदलू?"

घरी येऊन मी हे सांगितलं. उत्तर बायकोला सुचलं. आमची धाकटी तीन महिन्यांची आहे. बायकोने नानांना सांगितलं, उद्यापासून सकाळी दहाला यायचं, निदान बाळाचं तरी शिकून घ्यायचं.

नाना वही घेऊन आले. पाणी किती गरम, त्यांनी विचारलं. बायको म्हणाली, कोपराला सोसेल इतकं. कोपर कुणाचं धरायचं, असं विचारून त्यांनी तेही लिहून घेतलं. मग हात पुसले, पुन्हा पुसले. शेवटी त्यांनी पालथा हात पुढे केला. अनोळखी वायरीला इलेक्ट्रिशियन असाच हात लावतात. करंट असला तर हात मागे झटकला जातो, तळहाताने धरलं तर मूठ आवळते आणि सुटत नाही.

पालथी बोटं पोरीच्या पोटाला टेकली. तिने त्यातलं एक पकडलं.

"सोडंना की ही," नाना हळूच म्हणाले. त्यांनीही ओढून घेतलं नाही. तसंच वाकून राहून मला म्हणाले, "वैशू तिकडं झोपली आसंल. मेसेज टाक तिला. येतोय म्हणावं."