नगण्य अर्धं बोट

अडगळीच्या खोलीवरून घरात दोन तट पडले होते. ताईला तिथं शिलाई मशीन मांडायचं होतं. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या तिच्या भावाला, म्हणजे घरच्यांच्या 'शास्त्रज्ञा'ला, क्वांटम मेकॅनिक्सशी झुंजायला शांत कोपरा हवा होता. परीक्षा तोंडावर आली होती आणि हॉलमधल्या टीव्हीपुढं भल्याभल्या समीकरणांनी मान टाकली होती. शेवटी बाबांनी निवाडा दिला. ज्याचं सामान आधी आत जाईल, त्याची खोली.

शास्त्रज्ञानं दार मोजलं, आपलं टेबल मोजलं. टेबल अर्धं बोट जास्त भरलं.

"तिरकं करून घे," आई म्हणाली.

"गरज नाही गं. एवढा फरक आम्ही नगण्य धरतो."

"आणि दाराला कळतं का ते?" ताईनं विचारलं.

बिचाऱ्याची सवयच ती. आजवर त्यानं हवेचा विरोध सोडला, घर्षण सोडलं, दोरीचं वजन सोडलं आणि दरवेळी पैकीच्या पैकी मार्क घेतले.

बाबा आतून ओढू लागले, तो बाहेरून ढकलू लागला. टेबल निम्मं आत गेलं आणि चौकटीत असं रुतलं, की ना पुढं ना मागं. आईनं कडांना साबण चोळला. शेजारचे काका मदतीला आले आणि सल्ले देऊन गेले. टेबल ढिम्म. सुतार फोनवर म्हणाला, परवा बघू.

"म्हणजे हे परवापर्यंत आतच?" आईनं साबण हातात तसाच धरून विचारलं. शास्त्रज्ञाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोली तर गेलीच, वर वडीलही अडकले.

"बाबा, घाबरू नका."

"घाबरतंय कोण? पेपर दे जरा. आणि चष्मा."

ताई खाली वाकली. पलीकडं बाबा जुन्या ट्रंकेवर पाय पसरून बसले होते. "अहो बाबा, टेबलाखालून आरामात बाहेर येता येतंय की."

"मला केव्हाच दिसलं ते," बाबा म्हणाले. "पण या घरात इतकी शांतता मिळते, हे आजच कळलं. सुताराला येऊ नको म्हणावं."

"आणि निवाडा?"

"शास्त्रज्ञाचं सामान अर्धंच आलंय. मी मात्र सगळाच्या सगळा आत आहे."

ताईचं मशीन हॉलमध्ये टीव्हीशी स्पर्धा करू लागलं. शास्त्रज्ञ पॅसेजमध्ये स्टूल टाकून टेबलाच्या बाहेरच्या अर्ध्यावर अभ्यासाला बसला. आतल्या अर्ध्यावर बाबा शब्दकोडी सोडवत. मधूनच आतून आवाज येई,

"शास्त्रज्ञा, चहा सरकव. आणि घर्षण धरून बरं का, मघाचा कप मधेच थांबलाय."