पांढऱ्या अळीचं कपाट

रोहण्याच्या शाळेत काचेचं कपाट एकच होतं आणि निसर्गप्रेमी मंडळं दोन. एक पुंडलिकरावांचं बुरशी मंडळ, दुसरं त्यांच्या विहीणबाई शकुंतलाबाई यांचं कीटक मंडळ. ज्याचं कपाट, त्याच्याभोवती शनिवारी पोरं जमणार, हे दोघंही ओळखून होते. पुंडलिकरावांनी जन्मभर वांगी पिकवली. पण उकिरड्यावरची कुत्र्याची छत्री उलटी करून पोरांना दाखवताना जे सुख मिळे, ते वांग्यानं कधी दिलं नव्हतं.

मुख्याध्यापकांनी ‘उत्तम नमुना आणेल त्याला कपाट’ असं जाहीर केलं, तेव्हा पुंडलिकराव सकाळीच सोयाबीनमध्ये शिरले. समोरून विहीणबाई येतच होत्या. दोघांचा हात एकाच पानावर पडला. पानावर अळी होती. मेलेली, ताठ, अंगभर पांढरी भुकटी.

“इनबाई, हे बुरशी हाय. पांढरी दिसून नाई राह्यली काय?”

“पाय पाहा, इवाई. बुरशीले पाय कधीपासून फुटले?”

“अळी तं कवाचीच मेली. आता तिच्या घरात माही बुरशी राहून राह्यली.”

“भाडेकरू राह्यला म्हणून घर त्याचं होते काय?”

मुख्याध्यापक निःपक्षपाती असल्यामुळे त्यांनी निर्णय घेतला नाही. वरच्या कृषी कार्यालयाकडे मार्गदर्शन मागितलं. तिथे बुरशी म्हणजे ‘रोग’ आणि अळी म्हणजे ‘कीड’, आणि दोन्हींची टेबलं वेगळी. दोन्ही टेबलांनी प्रकरण एकमेकांकडे सरकवलं आणि ते मधल्या फटीत पडलं, तेव्हा संयुक्त पाहणीचं ठरलं. जीपमधून साहेब आले.

पुंडलिकरावांनी समजावलं, “साहेब, हे बुरशी अळ्याईले मारते. औषध लागत नाई. फुकटात काम.”

साहेब गंभीर झाले. “फुकटात होणाऱ्या कामासाठी आमच्याकडे योजना नाही.”

“मंग कोणत्या कामासाठी हाय?” विहीणबाईंनी विचारलं.

“फवारणीसाठी.”

रोग आणि कीड एकाच जागी आढळल्यानं दोन्हींवर एकत्रित फवारणी मंजूर झाली. बुरशी मेली. अळी आधीच मेलेली होती. तरी अहवालात आलं, ‘फवारणीनंतर एक अळी मृत आढळली. मोहीम यशस्वी.’ यशाची आठवण म्हणून फवारणीचा पंप काचेच्या कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि वर पाटी आली: ‘जैवविविधता दालन’.

“हारलो ना, इनबाई?”

“दोघंही हारलो. म्हणजे बरोबरी झाली.”

शनिवारी दोघांनी पोरांना शाळेच्या पायरीवरच बसवलं. विहीणबाईंनी एकच नियम सांगितला, “जे दिसन त्याचं आधी नाव विचारायचं. हात मंग उचलायचा.”

पुंडलिकरावांनी मान डोलावली. विहीणबाईंचं म्हणणं त्यांना पटल्याची ही पहिलीच वेळ.

पोरांना नियम लगेच कळला. मोठ्यांचं मात्र सांगता येत नाही. आता हेच पाहा: हे वाचताना पानाच्या कडेनं काहीतरी बारीक चालत गेलं असेल. नाव विचारलंत, की अंगठा आधीच खाली आला?