विचारलं म्हणून सांगितलं

खोब्रागडे भाऊजींना "जेवून जा" असं उगाच म्हणायची सोय नव्हती. ते जेवून जायचे.

तुम्ही म्हणाल, यात नवल काय? पण आम्ही राहत होतो लखनौला. तिथे निघालेल्या पाहुण्याला "खाना खाकर जाइए" म्हणायचं असतं आणि पाहुण्यानं छातीवर हात ठेवून "बस, अभी खाकर ही निकले हैं" म्हणायचं असतं. इकडे डाळ संपलेली, तिकडे पोटात कावळे ओरडतायत, आणि दोघंही हसत हसत एकमेकांचा निरोप घेतात. त्या शहराचा कारभारच असा गोड. आमच्या शेजारच्या सक्सेनाबाबूंनी एकदा भाऊजींना रीत म्हणून असंच विचारलं, तर हे चपला काढून आत शिरले. "हाँ, भूख तो लगी है. क्या बना है?" सक्सेनीणबाई गच्चीच्या भिंतीवरून माझ्याकडे वाटीभर वरण मागायला आल्या तेव्हा मला हा प्रकार कळला.

मी रागावलेच. म्हटलं, "भाऊजी, असं कुणी करतं का?"

"वहिनी, त्यायनं विचारलं म्हणून सांगितलं. मले भूक लागली होती. नाही काहून म्हणू?"



भाऊजी म्हणजे नात्यातले कुणी नव्हेत. आमच्यासारखेच नागपूरकडचे, आमच्यासारखेच बौद्ध, आणि चारबागच्या स्टेशनावर पूछताछच्या, म्हणजे चौकशीच्या, खिडकीत नोकरीला. आमचे हे डाकतार खात्यात. परक्या मुलखात आपल्या बोलीचं माणूस भेटलं की आठ दिवसांत नातं जुळतं, तसं आमचं जुळलं. भाऊजी उंच, काटकुळे, बुशशर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. काहीही विचारा, आधी डोळे मिटायचे, आत जाऊन खरं काय ते शोधून आणायचे आणि मग बोलायचे. लोक आपले येताजाता "कसे आहात?" म्हणतात, ते काय ऐकायला म्हणतात? भाऊजी डोळे मिटून सांगायचे, "डावा गुडघा दुखून राहिला. झोप बरी झाली. पण आज मन लागून नाही राहिलं." तोपर्यंत विचारणारा कोपऱ्यावर पोचलेला असायचा.

असा माणूस पूछताछच्या खिडकीत बसवायचा म्हणजे कमालच होती. हिवाळ्यात लखनौला कोहरा पडतो, धुकं हो, पण असलं की आपलाच हात दिसत नाही. गाड्या कुठे अडकल्यात ते कुणालाच ठाऊक नसायचं. शेजारच्या खिडकीतले तिवारीजी सगळ्यांना म्हणायचे, "बस, दस मिनट." भाऊजी म्हणायचे, "पता नहीं. किसी को पता नहीं. घर नज़दीक हो तो जाकर सो जाइए."

तिवारीजी कळवळायचे. "अरे खोब्रागडे साहब, दस मिनट बोल दीजिए ना. आदमी दस मिनट चैन से बैठेगा."

"और दस मिनट बाद?"

"फिर दस मिनट बोल दीजिए! इसी को सेवा कहते हैं."

पण गंमत सांगते. नेहमीचे प्रवासी तिवारीजींच्या खिडकीशी रांग लावायचे, दहा मिनिटं ऐकायचे, बरं वाटून घ्यायचे, आणि बिछाना पसरायचा की नाही हे ठरवायला मात्र हळूच भाऊजींच्या खिडकीशी यायचे.

मी कोथिंबीर भरून पुडाच्या वड्या केल्या की पहिली ताटली त्यांना द्यायची, हाही माझाच वेडेपणा. "कशा झाल्या भाऊजी?" डोळे मिटले. "मीठ कमी. तेल पिऊन राहिल्या. अजून दोन द्या."

तर अशी हसण्यावारी न्यायची गोष्ट होती. पण कौसल्येच्या जिवावर बेतत होती. कौसल्या म्हणजे त्यांची बायको. रेल्वेच्या क्वार्टरसाठी नंबर लावलेला, तो काही येईना, आणि तोवर हे दोघं चारबाग स्टेशनामागे कोळशाच्या टालीशेजारी, वखारीशेजारी हो, एका खोलीत राहत होते. त्या खोलीला खिडकी नव्हती. भर दुपारी दिवा लावून कौसल्या तांदूळ निवडायची. श्वास घेतला तरी कोळसा आत जायचा. आणि किती वर्षांनी तिला दिवस गेले होते. "बाई, लेकरू अंधारात नको व्हायला," एवढं एकच तिचं मागणं.

खोल्या मिळत नव्हत्या असं नाही. खोल्या भाऊजी घालवत होते. तिकडे घरमालक खोली दाखवायच्या आधी बिरादरी, म्हणजे जात, विचारतो. आमच्यातले बरेचजण "महाराष्ट्र के हैं" म्हणायचे आणि पुढचं त्याला समजायचं ते समजू द्यायचे. भाऊजींचं तसं नाही. त्यांना कुणी विचारायचीसुद्धा वाट नाही. उंबऱ्याबाहेरूनच, "पहले सुन लीजिए, हम बौद्ध हैं. उसके पहले हमको क्या कहते थे, वो भी बता दूँ?" मालकाला एकाएकी आठवायचं, की खोली तर मेव्हण्याला कबूल केलीय.

एकदा मी त्यांना विचारलंच, की हा हट्ट कशासाठी? त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत. म्हणाले, "लहानपणी मायसंग विहिरीवर जात होतो. दूर उभं राहावं लागे. कुणी विचारलं कोणाचा रे तू, तर माय खाली पाहून सांगे. मग नागपुरात दीक्षा घेतली, त्या गर्दीत तिनं माझा हात धरला अन् म्हणे, आजपासून कुणी विचारलं तर वर पाहून सांगजो. आता तुम्हीच सांगा वहिनी, खोलीसाठी मी मान खाली घालू?"

  आम्ही स्वतः तेलीबागेत राहत होतो ते एका नमस्काराच्या जोरावर. आमचं आडनाव शेंडे. हे आडनाव कुणाचंही असतं. घरमालकीण पंडिताइन अम्मा, एकटी ब्राह्मण विधवा बाई, खाली राहायची. तिनं पहिल्या दिवशी विचारलं, "दक्खिन के हो? कौन लोग हो?" आमच्या ह्यांनी नुसता वाकून नमस्कार केला. अम्माला तो नमस्कार इतका आवडला की पुढचा प्रश्न ती विसरली. पुढे तिनं माझ्या दोन्ही मुलींना मांडीवर खेळवलं, होळीला गुजिया दिल्या, मला ताप आला तर काढा करून वर पाठवला. शाळा गल्लीच्या तोंडाशी. सगळं छान चाललेलं. फक्त भाऊजी आले की माझा जीव टांगणीला. जिन्याशी अम्मा बसलेली असायची आणि मी ह्यांना म्हणायची, "आधी वर न्या त्यांना, वर न्या!" अम्मानं "कैसे हो भैया" याच्या पुढे काही विचारलं असतं तर?

आणि नेमकी आमच्याच माडीवरची मागची खोली रिकामी झाली.

काय खोली होती हो! पूर्वेकडे दोन खिडक्या, बाहेरच नळ. मी कौसल्येला दुपारची आणून दाखवली. ती खिडकीच्या गजांना धरून उभी राहिली, मग वर आढ्याकडे बघून म्हणाली, "पाळणा इथं."

आमचे हे उत्साहानं खाली गेले आणि अम्माला म्हणाले, "अम्मा, अपने ही लोग हैं." लखनौत शिफारस अशीच करतात. हमी द्यायची ती अशीच. अम्मा म्हणाली, अपने ही लोग असतील तर काय प्रश्न, उद्या घेऊन या. हे वर येईपर्यंत त्यांच्याच लक्षात आलं, की आपण काय करून बसलो. आता भाऊजी स्वतःचं जे सांगतील ते आमचंही ठरेल.

संध्याकाळी भाऊजींना बसवलं. हे म्हणाले, "उद्या तुम्ही फक्त गप्प बसा. मी बोलतो."

"तिनं विचारलं तर?"

"मी सांगेन, महाराष्ट्रवाले."

"ते खरं आहे. पण ती ते विचारून नाही राहिली."

"अहो, पण तुम्ही खोटं थोडंच बोलताय? गप्प बसायचं फक्त!"

"शेंडेसाहेब, कुणी तोंडावर विचारलं अन् मी गप्प बसलो, तर ते काय झालं?"

मला राहवलं नाही. "भाऊजी, कौसल्येकडे बघा. आणि माझ्या पोरींकडेही बघा." दोघी तिथेच पाटीवर गिरवत बसल्या होत्या. भाऊजींनी बघितलं. डोळे मिटले. किती वेळ झाला, उघडेचनात. शेवटी उठले आणि चप्पल घालून निघून गेले. मी "जेवून जा" म्हटलं, तर पहिल्यांदाच नको म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्या मागच्या खोलीत. अम्मा जिना चढून धापा टाकत आलेली, पण खूश. कौसल्येच्या पोटाकडे बघून म्हणाली, "अरे, लल्ला यहीं होगा!" तिनं स्वतः खिडक्या उघडून दाखवल्या. मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात ती वळली आणि अगदी मायेनं, काही मनात नसताना विचारलं, "हाँ तो भैया, तुम हो कौन लोग? बिरादरी क्या है? इन्हीं वाली ना?"

आमचे हे आढ्याकडे बघायला लागले. कौसल्येनं गज घट्ट धरले. मला माझ्या संसाराची भांडी गल्लीत ठेवलेली दिसायला लागली.

भाऊजींनी मान वर केली. तोंड उघडलं. माझ्याकडे एकदा बघितलं.

"अम्मा," ते म्हणाले, "कमरा छोटा है. हमको नहीं जमेगा."

आणि जिना उतरून गेले.

कुणालाच काही कळेना. कौसल्या त्यांच्या मागे गेली. अम्मा खोलीच्या मधोमध उभी, चारी बाजूंना बघतेय. मग हसायला लागली. "आदमी खरा है. छोटा लगा तो मुँह पर कह दिया. आजकल इतना साफ़ कौन बोलता है!"

मी स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड खुपसलं. हसू येत होतं की रडू, देव जाणे. खोली मिळवायला खोटं बोलणारी माणसं मी ढिगानं पाहिली होती. खोली घालवायला खोटं बोलणारा हा एकच माणूस.

दोन दिवसांनी कौसल्या भेटली. डोळे सुजलेले, पण म्हणाली काय, "बाई, हे आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, तेही उलट्या बाजूनं! याले काय म्हणावं?" आणि ती माझ्या गळ्यात पडली, आम्ही दोघी हसलो आणि रडलो. तिनं मला बोल लावला नाही. मुलगी त्या टालीशेजारीच झाली, धडधाकट झाली. ती रांगायला लागायच्या आत क्वार्टरचा नंबर लागला. त्या क्वार्टरला खिडक्या होत्या, पण पश्चिमेकडे.

भाऊजींनी तो विषय पुन्हा काढला नाही. आम्हीही नाही. गुडघा, झोप आणि मन यांच्या बातम्या पूर्वीसारख्याच मिळत राहिल्या. फक्त नंतर खूप दिवस, कुणी काही विचारलं की त्यांचे डोळे जरा जास्त वेळ मिटलेले राहायचे.

ऐंशी सालानंतर कधीतरी अम्मा गेली. शेवटपर्यंत तिला आमच्याबद्दल कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. तिच्या पुतण्यानं घर विकलं आणि आम्ही दुसरीकडे निघालो. सामान हलवायला भाऊजी आले, आता केस पांढरे, गुडघे दोन्ही. ट्रंका खाली गेल्या, पलंग गेला आणि भाऊजी दिसेनात. मी शोधत मागच्या खोलीत गेले. मधल्या काळात तिथे अम्माच्या खाटा नि गोधड्या पडून असायच्या, त्याही गेलेल्या. भाऊजी मधोमध उभे होते, एक हात भिंतीकडे लांब केलेला. भिंत बरीच दूर होती.

"वहिनी," ते म्हणाले, "एक विचारू? खरं सांगजा."

"विचारा ना."

"ही खोली लहानच आहे ना?"

त्यांचे शब्द त्या रिकाम्या खोलीत घुमून परत आले, एवढी ती मोठी होती. दोन्ही खिडक्यांतून ऊन आत पडलं होतं. भाऊजी माझ्याकडे बघत होते, गाडी कधी येणार असं खिडकीशी विचारणारी माणसं बघतात तसं.

"लहानच आहे, भाऊजी," मी म्हटलं. "दोन खाटा टाकल्या की संपली. पाळण्याला कुठली जागा?"

त्यांनी हात खाली घेतला.  मग खांद्यावरचा टॉवेल झटकला.

"तेच मी म्हणतो. तुम्ही एकदा कौसल्येले सांगा. ती काही माझं ऐकून नाही राहिली."