आत्याबाईंच्या मानाचं डुक्कर

शनिवारी नातवाचा पहिला वाढदिवस होता आणि गुरुवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवत सेमिसी बायकोला म्हणाला, "आपल्या डुकरिणीची तब्येत बरी दिसत नाही."

लुपेने खिडकीतून बाहेर पाहिलं. डुकरीण नीरफणसाच्या झाडाखाली उभी होती. खाली पडलेला एक अख्खा नीरफणस तिने नुकताच संपवला होता आणि आता ती दुसऱ्याकडे वळली होती.

"काय झालंय तिला?"

"उदास वाटते."

"चेहऱ्यावरून?"

"एकंदरीत," सेमिसी म्हणाला.

सेमिसी एकसष्ट वर्षांचा होता. चर्चमध्ये तो खालच्या पट्टीत गायचा आणि गावातल्या कुठल्याही पंगतीत भाजलेल्या डुकराच्या कुरकुरीत कातडीचा शेवटचा तुकडा त्याच्याच पानात जायचा. डुक्कर खाऊ नये असं त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आताही वाटत नव्हतं. फक्त ही एक खाऊ नये, एवढंच.

त्याला कारण होतं ओहोटी. रोज ओहोटी लागली की डुकरीण घरामागच्या खाडीत उतरायची आणि पोटापर्यंतच्या पाण्यात उभी राहून नाकाने शिंपले उकरायची. मागून टोपली घेऊन सेमिसी, त्याच्या शिंपल्यांसाठी. पाणी कोमट असायचं. आभाळ जेवढं वर तेवढंच खाली दिसायचं आणि मधली रेघ कुठेतरी विरघळून गेलेली असायची. त्या आभाळात दोघं हळूहळू चालत राहायची. सेमिसी तिला घरातल्या गोष्टी सांगायचा, नाहीतर नुसताच गुणगुणायचा, आणि कधीकधी आपण जागे आहोत की झोपलोय हेही त्याला कळेनासं व्हायचं. अशी चार वर्षं गेली. जीव लागेल या भीतीने त्याने तिचं नाव ठेवलं नव्हतं. नुसतं "अगं" म्हणायचा. बायकोलाही तो "अगं"च म्हणायचा, त्यामुळे अंगणातून हाक आली की दोघी वळून बघायच्या.

पण वाढदिवस म्हणजे मानाचा प्रश्न होता. मुलगा बायको-मुलाला घेऊन ऑकलंडहून आला होता. टोंगात अशा समारंभात सगळ्यात उंच जागा बाळाच्या बापाच्या आत्याची. सगळ्यात मोठं डुक्कर अख्खं तिच्यापुढे ठेवायचं आणि मग तिने ते आपल्या हाताने सगळ्यांना वाटायचं. ही आत्या म्हणजे सेमिसीची थोरली बहीण कालोलाइने. त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी, तीस वर्षं इस्पितळात नर्स होती. थोरल्या बहिणीसमोर भावाने थट्टा करायची नाही, आवाज चढवायचा नाही, अशी रीत. थाप मारणं तर दूरच. म्हणूनच सेमिसीने ती बायकोला मारली होती.

लुपेने लगेच नणंदेला फोन केला.

अर्ध्या तासात आत्याबाई आल्या. टोंगातल्या रीतीप्रमाणे कमरेला चटई नीट गुंडाळलेली, हातात जुनी नर्सची बॅग. सेमिसी धावत अंगणात गेला आणि डुकरिणीच्या पोटाखाली खाजवू लागला. तिथे हात लागला की ती जगाचा नाद सोडायची. आताही ती हळूच आडवी झाली, चारही पाय ताणले, डोळे मिटले आणि एक लांब उसासा सोडला.

आत्याबाई दोन हात अंतरावर उभ्या राहिल्या. "कधीपासून अशी पडलीये?"

"सकाळपासून, अक्का."

"तोंडाला नीरफणस लागलाय."

"औषध म्हणून दिला."

आत्याबाईंनी वाकून तिचे डोळे पाहिले, कान पाहिले. मग बराच वेळ भावाकडे पाहिलं. सेमिसी खाजवतच होता. "आजारी जनावर पाहुण्यांना घालायचं नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "आराम करू दे तिला." आणि बॅग न उघडताच निघून गेल्या.

सेमिसीला इतकं हलकं वाटलं की तो तिथेच गवतात टेकला. लुपे दारातून म्हणाली, "बसताय काय? आता दुसरं आणा. आणि हिच्यापेक्षा लहान चालणार नाही. अक्कांपुढे ठेवायचंय."

हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

शुक्रवारी तो शेजाऱ्याचा ट्रक घेऊन बेटाच्या पश्चिम टोकाला राहणाऱ्या मावसभावाकडे गेला. मावसभावाने एक जाडजूड करडा डुक्कर दिला. निघताना सेमिसीने मनाशी पक्कं केलं, याच्याकडे बघायचं नाही. पण ट्रकच्या मागच्या फळीची कडी तुटली आणि डुकराला पुढे शेजारच्या सीटवर बसवावं लागलं. मावसभाऊ म्हणाला, "काच खाली ठेव. त्याला वारा आवडतो."

"मला सांगू नकोस," सेमिसी म्हणाला.

रस्ता समुद्राच्या कडेकडेने जात होता. ऊन मऊ होतं, माडांच्या सावल्या एकामागून एक काचेवरून सरकत होत्या. सेमिसी सरळ पुढे बघत होता. वेळ जावा म्हणून त्याने एक स्तोत्र गुणगुणायला घेतलं, आणि दुसऱ्या कडव्याला त्याच्या खांद्यावर काहीतरी जड, गरम येऊन टेकलं. डुकराने मान ठेवली होती. तो समुद्राकडे बघत होता, अगदी लांब कुठेतरी, एखादा प्रवासी बघतो तसा. सेमिसीने गाडीचा वेग कमी केला. स्तोत्राची पाच कडवी होती. त्याने पाचही म्हटली, मग पुन्हा पहिल्यापासून.

तासाभराच्या वाटेला तीन तास लागले. दारात ट्रक थांबला तेव्हा दोघांच्याही तोंडाला ओलं खोबरं लागलेलं होतं.

"चांगला आहे की," लुपे म्हणाली. "मुलाला सांगते, सुरी..."

"अगं," सेमिसी खाली बघत म्हणाला, "याचीही तब्येत मला बरी दिसत नाही."

 लुपेच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. ती आत गेली आणि तिने आपल्या भावाला फोन केला. तो सकाळी परस्पर भाजूनच घेऊन आला. मोठं, सोनेरी, घमघमणारं डुक्कर. त्याचं तोंडही सेमिसीने जिवंतपणी पाहिलं नव्हतं.

समारंभ झकास झाला. मानाचं डुक्कर आत्याबाईंपुढे ठेवलं गेलं. त्यांनी ते वाटलं, पाद्रीबाबांना, मुलाच्या सासुरवाडीच्यांना, चर्चच्या बायकांना. सेमिसीला पाठीची कातडी मिळाली. त्याने डोळे मिटून खाल्ली. मग आणखी मागून घेतली. तिसरा तुकडा तोंडात असताना त्याने डोळे उघडले. मांडवाच्या पलीकडे ओहोटी लागली होती. डुकरीण आणि करडा एकमेकांच्या बाजूने संथपणे आभाळातून चालले होते.

 त्याने तो तुकडा कसाबसा गिळला आणि उठून खाडीकडे गेला.

काठावर आत्याबाई आधीच बसल्या होत्या. सेमिसी रीतीप्रमाणे जरा लांब बसला. 

"आजारी माणसं मी तीस वर्षं पाहिलीत," आत्याबाई म्हणाल्या.

"चुकलं, अक्का."

"आजच्या डुकराने काय पाप केलं होतं?"

"काही नाही. त्याची माझी ओळख नव्हती."

स्वतःच्याच तोंडून हे ऐकल्यावर सेमिसीला ते फार वाईट वाटलं. आत्याबाईंनी नुसती मान हलवली.

"तुला कसं जमतं?" त्याने भीतभीत विचारलं. "एवढं सगळं तुझ्यापुढे येतं. तुला कधी काही वाटत नाही?"

"मी खात नाही."

"आज?"

"कधीच. वाटणारीच्या पानात काय आहे ते कोण बघतं?"

 एकसष्ट वर्षांत प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीला, प्रत्येक बारशाला ती त्याच्यासमोर बसली होती.

"दहा वर्षांची होते मी. माझं एक पिल्लू होतं, काळं, एक कान पांढरा. माझ्या चटईवर झोपायचं. मोठं झालं आणि घरात समारंभ निघाला. मी तीन दिवस त्याला घेऊन उसात लपून बसले. बापाने शोधून काढलं."

"कसला समारंभ?"

"तुझा पहिला वाढदिवस."

 लांब पाण्यात डुकरिणीला शिंपला सापडला, करडा जवळ जाऊन बघू लागला.

"मला आठवत नाही," तो शेवटी म्हणाला.

"तुला बोटभर चरबी चाटवली. हसलास."

"माझा राग आला असेल."

"आला की. म्हणून तर साठ वर्षं प्रत्येक कार्याला तुझ्याकडून सगळ्यात मोठं वसूल करते." आत्याबाईंच्या तोंडावरची सुरकुतीही हलली नाही. भावा-बहिणीत थट्टा करायची नसते, त्यामुळे ही थट्टा की खरं, हे सेमिसीला कधीच कळलं नाही.

मांडवातून लुपेची हाक आली. भट्टीतून लहान पिल्लं निघाली होती, गरम होती, पाहुणे वाट बघत होते. सेमिसी उठला. मग बसला. मग त्याने बहिणीकडे पाहिलं.

"जा," ती म्हणाली. "निवलं की कातडी वातड होते. मी बसते या दोघांपाशी."

सेमिसी गेला. हळूहळू, पायाखालच्या वाळूकडे बघत गेला. पण गेला.