शेजारच्या सीटचा ब्रेक

पाय मोडला तो मास्तरांचाच. गाडी शिकवायचा क्लास चालवणारा माणूस. वीस वर्षं लोकांना सांगतोय की पानगळीत ओल्या पानांवरून जपून जा, आणि स्वतः वळणावर मोटारसायकलवरून असा आडवा झाला की गुडघ्यापासून टाचेपर्यंत प्लास्टर. “सगळं शहाणपण लोकांना वाटलंस, थोडं घरी ठेवायचं होतंस,” हे त्यांच्या आईने दवाखान्यातच, नर्सबाईंसमोर सुनावलं.

पण परीक्षा होती मास्तरांच्या बायकोची. तिला टेकडीपलीकडच्या शाळेत नोकरी लागली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. तिकडे बस जात नाही. आज लायसन्स मिळालं तर नोकरी. नाहीतर पुढची परीक्षा महिन्याने, आणि तोवर ती खुर्ची कोणी रिकामी ठेवणार नव्हतं.

सकाळी क्लासची गाडी निघाली. या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशी आणखी एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. ती जागा मास्तरांची. पण आज प्लास्टरचा पाय आडवा ठेवायला मागची अख्खी सीट लागली, म्हणून पुढे सासूबाई बसल्या. आणि सासूबाई बँकेत बसोत की गाडीत, मांडी घालूनच बसतात.

“आई, पाय खाली सोडून बस,” मास्तर मागून म्हणाले.

“का? तुझ्यासारखे मोडून घ्यायला?”

रात्री पाऊस पडून गेला होता आणि रस्ताभर पिवळी पानं चिकटून बसली होती. सून झकास चालवत होती. आरसे बघत होती, गिअर तर लोण्यात सुरी जावी तसे पडत होते. उतार आला. खाली चौक, चौकात लाल दिवा. सून निवांत, सासूबाई निवांत. मास्तरांचा मात्र जीव खालीवर.

“ब्रेक! अगं, ब्रेक!”

“लागेल ना, अहो!”

लागला नाही. नशीब की चौकात चिटपाखरू नव्हतं. गाडी लाल दिव्याखालून सरळ पलीकडे गेली आणि झाडूवाल्याने रचलेल्या पानांच्या ढिगात शिरून थांबली. समोरच्या काचेवर नुसती पानंच पानं.

“तीन तास लागले होते मला, बाई!” झाडूवाला बाहेरून ओरडला.

आत सासूबाईंनी सुनेकडे मान वळवली. “लागेल म्हणजे? कोण लावणार होतं?”

“रोज लागतो की हो, आई,” सून रडवेली झाली. “माझा पाय पोचेपर्यंत गाडी थांबलेलीच असते. मला वाटलं, माझा पायच हलका आहे.”

मग दोघींनी मागे पाहिलं. मास्तर खिडकीतून प्लास्टरवर पडलेलं एक पान उगाच निरखत होते.

“अहो, तुम्ही दाबता?”

“दाबत नाही गं, दाबला जातो. वीस वर्षांची सवय. समोर काही आलं की पाय आपोआप जातो.”

“म्हणजे तीन महिने गाडी तू थांबवलीस, आणि हिने नुसतं चाक धरलं!” सासूबाई म्हणाल्या. “वळव गं गाडी. परत वर चल.”

सासूबाईंनी जन्मात सायकलसुद्धा चालवली नव्हती, पण सुनेला शिकवायला ते काही आडवं आलं नाही. “मी मांडी सोडणार नाही. थांबवायची तर तूच थांबव. पानं दिसली की आधीपासून, थोडं थोडं. पिठात पाणी घालतेस ना, तसं. सगळं एकदम ओतलंस की झाला चिखल.”

पहिल्या खेपेला सासूबाईंचा चष्मा काचेवर आपटला. दुसऱ्या खेपेला मास्तर सीटवरून खाली आले. पाचव्या खेपेला गाडी दिव्यापाशी अलगद थांबली. झाडूवाला तोवर दर खेपेला झाडू घेऊन फुटपाथवर चढत होता.

परीक्षेला पोचले तेव्हा परीक्षा घेणारे साहेब कागद आवरत होते. मास्तरांना बाकावर बसवलं. “मावशी, तुम्हीही उतरा,” साहेब म्हणाले.

“गुडघे धरलेत हो, उतरवत नाही,” असं म्हणत सासूबाई टुणकन उतरल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

तिथेही उतार, तिथेही ओली पानं. सुनेने लांबूनच पाय ठेवला आणि गाडी पांढऱ्या रेघेआधी थांबली. पण साहेबांचाही पाय शेजारच्या ब्रेकवर होता.

“मला ब्रेक लावावा लागला. नापास.”

“तुम्ही कुठे लावलात? तिने आधीच लावला होता!”

“मावशी, तुम्ही मध्ये बोलायचं नाही.”

“मग कोण बोलणार? तिच्या तर तोंडचं पाणी पळालंय. साहेब, बूट काढा, मांडी घाला आणि परत एकदा फिरवा. नाही थांबली तर मीच म्हणेन, नापास.”

“मी? मांडी?”

“का, येत नाही?”

साहेबांनी घड्याळ पाहिलं, सुनेचं पडलेलं तोंड पाहिलं आणि बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. मांडीवर कागद, हातांनी सीट घट्ट धरलेली. गाडी उताराला लागली तसे त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा रेघ वीतभर पुढे होती, आणि बॉनेटवर पडलेलं पान जागचं हललंही नव्हतं.

साहेब बराच वेळ आपल्या पायांकडे बघत बसले. मग ‘पास’ लिहिलं आणि स्वतःशीच पुटपुटले, “मग इतकी वर्षं बाकीच्यांच्या गाड्या कोण थांबवत होतं?”

सोमवारी सून नोकरीवर हजर झाली. बुधवारी मास्तरांचे आठ शिष्य परीक्षेला गेले. साहेब पहिल्यापासूनच मांडी घालून बसले होते. आठच्या आठ नापास.

त्या संध्याकाळी सून शाळेतून परतली तर दारात आठ जण उभे. “या ना, मास्तर आहेत आत,” ती म्हणाली.

“मास्तर नकोत,” पुढचा चाचरत म्हणाला. “साहेबांनी सांगितलंय, आजींची शिकवणी लावा.”